जुना पार्ट परत द्यायचा

१

मेट्रनबाईंच्या गाडीचं वय कुणी विचारलं तर त्या म्हणत, "तुमच्याहून मोठी आहे, अहोजाहो करा."

गाडी किती धावली होती हे सांगणं कठीण होतं. मीटर एकदा सगळे नऊ दाखवून शून्यावर आला होता आणि निवृत्त माणूस पुन्हा कुठेतरी चिकटतो तसा निमूटपणे पहिल्यापासून मोजू लागला होता. पुढे त्याचाही उत्साह आटला. त्याच्या मते गाडी गेली कित्येक वर्षं जागची हललेली नव्हती. बाई मात्र रोज ती बाहेर काढत. मीटरचं मत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. हाताखालच्या माणसांची मतं विचारायची त्यांना सवयच नव्हती.

आधी गावोगाव फिरणारी परिचारिका आणि मग एका मोठ्या इस्पितळाची मेट्रन, अशी त्यांची नोकरी झाली. नोकरी सुटली, पण सकाळचा राउंड सुटला नाही. फक्त वॉर्डाऐवजी तो आता घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये निघे. चहाच्या आधी बाई बॉनेट उघडत. ऑइलची पट्टी काढून पुसत, पुन्हा बुडवत, उजेडात धरून पाहत. पाणी पाहत. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहत, जसं सुजलेलं पाऊल दाबून पाहावं. इंजिनाखाली इस्पितळातून आणलेला पांढरा एनॅमलचा ट्रे असे, त्यात काही गळलंय का ते पाहत. मग चावी फिरवायची, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, आणि गाडी आपोआप श्वास घ्यायला लागली की कानाला स्टेथोस्कोप लावून इंजिन ऐकायचं.

स्टेथोस्कोपला पहिल्यांदा सगळी गल्ली हसली होती. नंतर त्यांच्या मिस्त्रीने स्वतःसाठी एक विकत आणला आणि तो गळ्यात अडकवून गिऱ्हाइकांशी डॉक्टरसारखा तुटक बोलू लागला. मग हसणं थांबलं.

"जुन्या गाडीला औषध लागत नाही, लक्ष लागतं," बाई म्हणत. "माणसं औषध देतात आणि लक्ष काढून घेतात. मग गाडी काय, माणूस काय, दोन्ही मरतात."

एकेकाळी या इंजिनाचा दर चौथा ठोका जरासा चुकायचा. धक्-धक्-धक्, आणि मग एक अडखळ. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. पुढे पिस्टन, व्हॉल्व्ह सगळं नवं बसवलं आणि अडखळ गेली. इंजिन सरळ चालू लागलं. बाईंना मात्र बरेच दिवस करमलं नाही. घोरणारा नवरा बाहेरगावी गेल्यावर झोप येऊ नये, तसं काहीसं.

मागचं डावं दार तेवढं कुणालाच दुरुस्त करता आलं नाही. ते आपटून लागत नसे. हँडलला धरून नखभर वर उचलायचं आणि मग हलकेच आत ढकलायचं, की बिनआवाज बसे. ही खुबी फक्त बाईंना येत होती. जावई आपटून आपटून दमला. लेक तर त्या दाराने बसतच नसे.

२

बाईंचा एक नियम होता. गाडीत काहीही बदललं, तरी जुना पार्ट परत द्यायचा. पुसून, कागदात गुंडाळून, हातात.

इतर लोक हे मिस्त्रीने फसवू नये म्हणून करतात. बाईंचं कारण वेगळं होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये पोटातून काही काढलं की ते ट्रेमध्ये घालून बाहेर नातेवाइकांना दाखवावं लागतं. त्यांनी असे ट्रे उभ्या आयुष्यात किती फिरवले असतील त्याला गणती नाही. काढलेलं दाखवायचं असतं, या एका गोष्टीवर त्यांचा इतका विश्वास होता की स्वतःच्या बाबतीतही त्यांनी सूट दिली नाही. गुडघा बदलला तेव्हा सर्जन म्हणाला, "बाई, जुना घेऊन काय करणार?" बाई म्हणाल्या, "तू शिकाऊ होतास तेव्हा तुला हातमोजे घालायला मी शिकवलंय. बरणीत घाल आणि दे." त्याने दिला.

हे सगळं मागच्या खोलीत होतं. मागच्या खोलीची आणि शेडची भिंत एकच. तिथे इस्पितळाने टाकून दिलेली औषधांची लोखंडी कपाटं होती आणि त्यांत गाडीचे जुने पार्ट: प्लग, पट्टे, होझ, ब्रेकचे शू, क्लचची झिजलेली प्लेट, कार्ब्युरेटर, शॉक अ‍ॅबसॉर्बर, पॅडल, गिअरचा दांडा, पिस्टन. स्प्रिंगा गेलेली ड्रायव्हरची सीटही होती. तीवर बसून बाई बूट घालत. सगळ्यात वरच्या फळीवर बरण्या. एकीत गुडघ्याचं हाड, एकीत दात, एकीत पित्ताशयातले खडे. आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, बोटं वाकडी झाल्यावर विंचरणं जमेना म्हणून एके दिवशी स्वतःच कापून टाकलेली वेणी. तेव्हा ती काळी होती आणि कमरेखाली येत होती.

लेकीला ती खोली आवडत नसे. "आई, हे संग्रहालय आहे की शवागार?"

"दोन्ही ठिकाणी शांतता असते," बाई म्हणत. "तुझ्या घरी ती नसते, म्हणून तुला ओळखू येत नाही."

३

एका सकाळी राउंड संपवून बाई बूट घालायला मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांना जमिनीवर तेलाचा थेंब दिसला.

जुने पार्ट कधीकधी पाझरतात. बाईंनी बोळा घेतला आणि पुसलं. मग बोळा उजेडात धरला. जुनं ऑइल काळं असतं, काजळासारखं. हे मधासारखं होतं, स्वच्छ आणि पातळ. त्यांनी वास घेतला. आठवड्याभरापूर्वी गाडीत घातलेलं तेच ऑइल.

माझ्याच बुटाला लागून आलं असेल, असं त्या म्हणाल्या. कारण सापडलं की बाई पुढच्या पेशंटकडे वळत. पण शेडमधला ट्रे त्यांनी आत्ताच पाहिला होता आणि तो कोरडा ठक्क होता. बुटाला लागायला आधी कुठेतरी सांडायला हवं, हा विचार चहा पिताना त्यांच्या मनात आला आणि चहाबरोबर त्यांनी तो गिळून टाकला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिथे दुसरा एनॅमलचा ट्रे ठेवला. खरं तर हीच पहिली कबुली होती. पेशंट नसेल तिथे मेट्रन ट्रे ठेवत नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं की सीट वळली आहे. आधी ती दाराकडे तोंड करून होती, म्हणजे बूट घालताना उजेड यायचा. आता ती भिंतीकडे पाहत होती, शेडच्या भिंतीकडे. पलीकडच्या बाजूला, त्याच भिंतीला नाक लावून गाडी उभी असे.

लेकीला फोन केला. "तू माझ्या मागच्या खोलीत झाडलोट केलीस का?"

"मी? त्या खोलीत? आई, मला कुणी सोनं दिलं तरी मी तिथे जाणार नाही. का, काय हरवलं?"

"हरवलं काही नाही," बाई म्हणाल्या. आणि मग स्वतःशीच, फोन ठेवल्यावर, "उलट सगळं आहे."

कारण आता पॅडलही कपाटात नव्हती. ती सीटसमोर जमिनीवर होती, आपापल्या अंतरावर. क्लचच्या पॅडलचं रबर डाव्या कडेला झिजलेलं होतं. बाईंचा पाय तसाच पडायचा. गिअरचा दांडा सीटशेजारी उभा होता. चार शॉक अ‍ॅबसॉर्बर खोलीच्या चार कोपऱ्यांत, पलंगाच्या खुरांसारखे.

बाईंनी सगळं उचलून पुन्हा कपाटात ठेवलं, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली दाराबाहेरच्या कुंडीखाली सारली. गुडघा दुखत होता. नवा गुडघा, ज्याला दुखायचं काही कारण नव्हतं.

सकाळी सगळं पुन्हा जमिनीवर होतं. कुलूप जसंच्या तसं.

त्यांनी वरच्या फळीकडे पाहिलं. बरण्या रिकाम्या होत्या. स्पिरिट तेवढं होतं, काठोकाठ. वेणीचं खोकं उघडून पाहायचं त्यांनी टाळलं, आणि टाळलं याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

४

माणूस भ्यायला की मदत मागतो. बाई भ्यायल्या की चिडत. त्या दुपारी त्यांनी मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि त्याची चकती शेडच्या बाजूच्या भिंतीला टेकवली. शेडमध्ये गाडी बंद होती. बॉनेट गार होतं, त्यांनी हात लावून खात्री केली होती.

पहिल्यांदा काही नाही. मग त्यांना कळलं की आवाज भिंतीतून येत नाहीये. त्यांनी चकती भिंतीवरून काढली आणि सीटच्या पाठीला लावली.

धक्-धक्-धक्, आणि एक अडखळ.

बाई बराच वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्या आवाजावर त्यांनी कितीतरी घरांपर्यंतचे रस्ते कापले होते, चिखलातून, धुक्यातून, कुणाच्या तरी बाळंतपणाला, कुणाच्या तरी शेवटाला. हा आवाज त्यांच्या चांगल्या वर्षांचा होता, आणि तो आता त्यांच्याशिवाय चालू होता.

स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात कधीकधी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग चकती स्वतःच्या छातीला लावून पाहिली. तिथे ठोके सरळ होते. एकही चुकत नव्हता.

"बरं," त्या खोलीला उद्देशून म्हणाल्या. "कान शाबूत आहेत म्हणायचे."

भंगारवाल्याला बोलवावं, असं त्यांच्या मनात एकदा येऊन गेलं. सगळं हातगाडीवर घालून पाठवून दिलं की सुंठीवाचून खोकला गेला. पण त्या हातगाडीवर आपली वेणी चालली आहे हे चित्र त्यांना सहन झालं नाही. शिवाय घर त्यांचं होतं. निघून जायचंच असेल तर जे नंतर आलं त्याने जावं. आणि नंतर कोण आलं, हा प्रश्न त्यांनी फार खोलात जाऊन विचारला नाही.

५

त्याच आठवड्यात मिस्त्रीने गाडी पाहिली आणि स्टेअरिंगवर बोट ठेवलं. तडा गेला होता. कडी एका बाजूला हलत होती.

"हे बदलू, बाई. वळणावर हातात आलं तर नको ते व्हायचं."

"नको."

मिस्त्रीने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात घातला. गंभीर बोलायचं असलं की तो असं करी. "बाई, आजवर तुम्ही कधी नको म्हणाला नाहीत. मी एक सांगितलं तर तुम्ही दोन बदलून घ्यायचात. आता या गाडीत मूळचं राहिलंय तरी काय? पत्रा आणि हे स्टेअरिंग. पत्र्याला कोण विचारतो? गाडी म्हणजे स्टेअरिंगमागे जो बसतो तो."

बाईंचा हात स्टेअरिंगवर गेला. मिस्त्री फुकटचं तत्त्वज्ञान सांगत होता, त्यात नवं काही नव्हतं. पण मागच्या खोलीत जमिनीवर काय काय मांडलेलं आहे ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. सीट होती. पॅडल होती. गिअर होता. बसायला जे लागतं ते होतं, आणि बसणारीचंही बरंचसं. तिथे एकच गोष्ट नव्हती.

"हे मूळचंच राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या हातून काढायचं नाही. कळलं?"

"तुमच्या हातून कोण काय काढणार," मिस्त्री म्हणाला आणि निघून गेला. जाताना त्याने लेकीला फोन केला, हे बाईंना नंतर कळलं.

लेक संध्याकाळी आली ती पर्स खांद्यावरून न उतरवताच बोलू लागली.

"आई, दोनच गोष्टी आहेत. एक तर स्टेअरिंग बदल, नाहीतर चाव्या दे माझ्याकडे."

"तुला चालवायची आहे?"

"मला तू जिवंत हवी आहेस."

"मग मला चालवू दे. नाहीतर तुझ्या दिवाणखान्यात मला बसवशील, जावई येता-जाता विचारेल, आई, पंखा लावू का? मी हो म्हणेन. पुन्हा विचारेल, बंद करू का? मी हो म्हणेन. त्याला जिवंत म्हणतात?"

"तो चांगला आहे ग."

"चांगला आहे म्हणूनच तर. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं."

लेक हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बाईंना तडा गेलेल्या स्टेअरिंगपेक्षा धोकादायक वाटलं. "विचार करते," त्या म्हणाल्या. त्या आयुष्यात फारच कमी वेळा असं म्हणाल्या होत्या, आणि दर वेळी त्याचा अर्थ नाही असाच होता. पण ही गोष्ट लेकीला ठाऊक नव्हती.

६

रविवारी लेक त्यांना डोळे तपासायला घेऊन गेली. डोळ्यांत काही बिघाड नव्हता. परत येताना लेकीने आपली गाडी उगाचच लांबच्या रस्त्याने घेतली, बेकरीपाशी थांबली, बिस्किटं घेतली, पुन्हा थांबली. बाईंना ते कळायला हवं होतं. वॉर्डात त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. पण पोटच्या पोरीकडे माणूस वॉर्डातल्या नजरेने पाहत नाही.

घरी आल्यावर त्या सरळ शेडमध्ये गेल्या. गाडीत काळं, चकचकीत, नवं कोरं स्टेअरिंग बसवलेलं होतं. कवळीतल्या दातांसारखं, जरा जास्तच चांगलं.

"आई, रागावू नकोस," लेक मागून म्हणाली. "मीच सांगितलं त्याला. मला झोप लागत नव्हती."

बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मिस्त्रीला फोन लावला. "जुनं कुठे आहे?"

"वा, बाई. ते तुम्ही विचारणार हे ठाऊक होतं," मिस्त्री खुशीत म्हणाला. "तुम्ही शिकवलंत तसंच केलं. पुसलं, कागदात गुंडाळलं. किल्ली कुंडीखाली असते ना तुमची? मागच्या खोलीत नेऊन ठेवलं."

"कपाटात?"

"नाही, सीटवर. अंधार होता, खिडकी बंद. सीटवर तुमची शाल की काय पडली होती. तिच्यावरच ठेवलं. मऊ होतं, म्हटलं ओरखडा नको पडायला."

बाईंकडे शाल नव्हती. त्यांना लोकर सोसत नसे, लहानपणापासून.

"काही चुकलं का?" मिस्त्रीने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तू शिकवल्याप्रमाणेच केलंस. शिकवणारीचं चुकलं."

लेकीला त्यांनी चहा ठेवायला पिटाळलं आणि त्या मागच्या खोलीकडे गेल्या.

७

दार लोटलेलं होतं. खिडकीच्या फटींतून दुपारचा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी आत येत होता. ऑइलचा वास होता, आणि त्याच्याखाली साबणाचा, इस्पितळात हात धुवायला मिळायचा त्या लाल साबणाचा. तो साबण आता कुठेच मिळत नाही.

कागद जमिनीवर होता. चुरगळलेला नव्हता. चारी कोपरे जुळवून, वॉर्डातली चादर घडी करावी तसा घडी केलेला.

सीटची पाठ त्यांच्याकडे होती. पाठीच्या वरून, बाहेरच्या बाजूला, वेणी लोंबत होती. काळी. खाली जमिनीपर्यंत टेकत नव्हती, कारण वर तिला धरून ठेवणारं काहीतरी होतं. त्याच्यापुढे, जिथे असायला हवं नेमक्या त्याच उंचीवर, स्टेअरिंग हवेत होतं.

ते जरासं डावीकडे गेलं. मग जरासं उजवीकडे. गाडी काढायच्या आधी स्टेअरिंग किती ढिलं आहे ते पाहायला बाई रोज असंच करत.

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे दार ओढून घेतलं असतं. बाईंच्या मनातही ते आलं. पण त्याबरोबर दुसरंही आलं. उद्या सकाळी आपण शेडमध्ये त्या कवळीसारख्या स्टेअरिंगमागे बसू, आणि भिंतीच्या पलीकडून दुसरी कुणीतरी गाडी बाहेर काढील. ती आपल्या रस्त्यांनी जाईल. तिचे गुडघे दुखणार नाहीत. आणि मग आपण कोण? आपण म्हणजे नुसतं बदललेलं सामान.

"सोड," बाई म्हणाल्या. हा आवाज त्यांनी निवृत्तीनंतर वापरला नव्हता. या आवाजाला एकेकाळी प्रौढ डॉक्टर सिगरेटी विझवत.

स्टेअरिंग थांबलं. सुटलं नाही.

बाई पुढे गेल्या. सीटच्या पुढच्या बाजूला त्या गेल्या नाहीत, तेवढी अक्कल त्यांनी ठेवली. मागून, पाठीवरून हात घालून त्यांनी स्टेअरिंगची कडी धरली. ती गरम होती. ओढली. पलीकडून तितक्याच जोराने ओढ आली, आणि मग जरा जास्त. तिकडे बोटं सरळ होती. इकडे वाकडी.

वातात असलेला पेशंट पलंगाचा गज धरून ठेवतो तेव्हा त्याची बोटं उलगडत बसायचं नसतं. जोर वाया जातो. त्याचं मनगट धरायचं आणि आतल्या बाजूला वाकवायचं, की मूठ आपोआप सुटते. शरीराची रचनाच तशी आहे, तिथे हट्ट चालत नाही. बाईंनी अंधारात हात पुढे सरकवला. मनगट सापडलं. बारीक, गार, साबणाने धुतलेलं. त्यांची बोटं सवयीने जिथे जायची तिथे गेली.

नाडी होती. एक, दोन, तीन, आणि एक अडखळ.

क्षणभर त्यांना ते मनगट सोडवेना. मग त्यांनी ते आत वाकवलं. मूठ सुटली. दुसरं वाकवलं. तीही सुटली.

स्टेअरिंग छातीशी धरून त्या उलट्या पावली दाराबाहेर आल्या. कुलूप घालायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

लेक चहाचे कप घेऊन उभी होती. "आई, तू घामाघूम झालीयस. कुणाशी बोलत होतीस?"

"एक हट्टी बाई होती," मेट्रनबाई म्हणाल्या. "साखर घातलीस ना?"

८

जुनं स्टेअरिंग पुन्हा बसवताना मिस्त्री सारखा मान हलवत होता. "नवं काढून जुनं बसवतोय. माझ्या धंद्याला काळिमा आहे, बाई." पण तड्याच्या जागी त्याने आतून लोखंडी पट्टी ठोकून दिली, आणि ती चांगली ठोकली. बाईंनी स्वतः हलवून पाहिली. नवं स्टेअरिंग त्याने नेलं. जाताना सवयीने विचारलं, "कागदात गुंडाळून देऊ?" बाईंनी नुसतं पाहिलं.

मग त्यांनी वरून प्लास्टर घातलं. खरं, हाडांचं प्लास्टर, पाण्यात भिजवून, तड्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर, सुरकुती न पडू देता. वर हात फिरवून गुळगुळीत केलं आणि वाळायला ठेवलं.

लेकीने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे काय आहे?"

"फ्रॅक्चर आहे. प्लास्टर घातलंय. प्लास्टर घातलेल्याला कुणी भंगारात देत नाही. निदान माझ्या वॉर्डात तरी."

"आणि चाव्या?"

"चाव्या माझ्याकडे. तुला झोप लागत नसेल तर रोज सकाळी ये, राउंडला बरोबर चल. ऑइलची पट्टी पाहायला शिकवते तुला."

लेकीने पर्स खांद्यावर अडकवली. मग म्हणाली, "किती वाजता?" बाईंनी हा विजय चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

सकाळी लेक यायच्या आधीच बाई शेडमध्ये गेल्या. ऑइल पाहिलं. पाणी पाहिलं. पट्टा दाबला. ट्रे कोरडा होता. मग दार उघडून त्या आत बसल्या आणि स्टेअरिंगकडे हात नेला.

प्लास्टर दगडासारखं वाळलं होतं. पण ते ओलं असताना कुणीतरी ते धरलं होतं. दोन्ही बाजूंना बोटांचे खोल, स्वच्छ ठसे होते. अंगठे आत, बाकीची बोटं बाहेर, बाई धरतात तसेच. बोटं सरळ होती. एकही सांधा वाकलेला नव्हता.

बाईंनी आपली बोटं त्या ठशांवर ठेवून पाहिली. ती बसली नाहीत. बोटांच्या आणि ठशांच्या मधे, सांध्यासांध्यापाशी, सगळी वर्षं रिकामी राहत होती.

भिंतीच्या पलीकडे काही आवाज नव्हता. बाईंनी आरशात पाहिलं नाही. ठशांवरच घट्ट मूठ आवळली, वाकडी तर वाकडी, आणि चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं, सरळ, एकही ठोका न चुकता.

"बसायचं असेल तर मागे बस," त्या समोर पाहत म्हणाल्या. "गाडी मी चालवणार."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गाडी मागच्या बाजूला किंचित दबली. आणि मागचं डावं दार, जे बाईंशिवाय कुणालाच लावता येत नसे, कुणीतरी नखभर वर उचललं आणि अगदी हलकेच, बिनआवाज, लावून घेतलं.